सोपा दिवस

पहिल्या मॅरेथॉनपासून दुसरीपर्यंत माझी बत्तीस मिनिटं कमी झाली, आणि त्यात माझं कर्तृत्व फारसं नव्हतं. पहिली ४ तास ४१ मिनिटांत झाली होती. तिच्यातले शेवटचे आठ-दहा किलोमीटर मी जवळजवळ चालतच होतो. दुसरी ४:०९, तिसरी ३:४६, चौथी ३:३८. आकडे ओळीने बघितले की कळेल, दरवेळी मिळणारी सूट कमी होत गेली आहे. नव्या माणसाला शरीर भरभरून देतं. पाच-सहा वर्षं पळून झाली, की मग एकेका मिनिटासाठी घासाघीस करावी लागते.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की जानेवारीत मुंबईला ३:३० च्या आत यायचं. म्हणजे आठ मिनिटं कमी करायची. ४२.१९५ किलोमीटरवर ती पसरली, तर दर किलोमीटरमागे अकरा-बारा सेकंद. बुटाची नाडी बांधायला याहून जास्त वेळ लागतो. पण ५:१० च्या पेसने ४२ किलोमीटर जाणारं शरीर आणि ४:५८ च्या पेसने जाणारं शरीर ही दोन वेगळी शरीरं असतात. एकातून दुसरं घडवायला माझ्याकडे सोळा आठवडे होते.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे सोळा आठवडे मोजले की सप्टेंबरचा शेवट येतो. गणपती होऊन गेलेले असतात, पाऊस जाता जाता एखादी सर टाकतो, आणि पुण्यातल्या रनिंग क्लबांमध्ये नव्या शीट उघडतात.

आमचा क्लब छोटा आहे. चाळीसेक माणसं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, शाळेत शिकवणाऱ्या दोन ताई, एक दाताचे डॉक्टर, आणि उरलेले बहुतेक माझ्यासारखे आयटीवाले. कोचना आम्ही सर म्हणतो. सर कमी बोलतात. त्यांचं सगळं म्हणणं एका गूगल शीटमध्ये मावतं. प्रत्येकाची एक पट्टी. डावीकडे सरांनी सांगितलेलं, उजवीकडे आपण प्रत्यक्ष केलेलं. माझी पट्टी साधारण अशी असायची: सोमवारी सुट्टी. मंगळवारी सणस मैदानाच्या ट्रॅकवर इंटरव्हल, म्हणजे एक-एक किलोमीटरचे सहा तुकडे ४:२५ ने. गुरुवारी टेम्पो. रविवारी लाँग रन. आणि बुधवार, शुक्रवार, शनिवार या तीन रकान्यांत सरांनी तिन्ही वेळा तेच लिहिलेलं: 'सोपं. ६:१० पेक्षा जलद नाही.'

मला या तीन रकान्यांबद्दलच लिहायचं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की मॅरेथॉनची तयारी म्हणजे रोज जीव तोडून पळणं. प्रत्यक्षात चांगल्या धावपटूंचं बहुतेक पळणं संथ असतं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की या लोकांच्या दहा सत्रांपैकी साधारण आठ सोपी असतात आणि दोनच कठीण. धावपटूंच्या जगात ८०-२० म्हणून ओळखलं जाणारं सूत्र तिथून आलं. त्याच्याही कितीतरी आधी न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड आपल्या पोरांना आठवड्याला शंभर मैल पळवत. त्यांतला पीटर स्नेल तर ८०० मीटरवाला. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी तो डोंगरातून दोन-दोन तास पळायचा. १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

सोपं पळताना आत बरंच काही चाललेलं असतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. आणि शरीर चरबीवर चालायला सरावतं, जे मॅरेथॉनमध्ये फार गरजेचं असतं. हिशेब सोपा आहे. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर साधारण २००० कॅलरींना पुरते. पळताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला, ढोबळमानाने एक कॅलरी लागते. माझं वजन ६४ किलो. म्हणजे ४२ किलोमीटरला २७०० च्या आसपास. ही सातशेची तूट चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या जेलमधून भरून निघाली नाही, तर तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पायातला प्लग कुणीतरी काढल्यासारखं होतं. त्याला धावपटू 'भिंत' म्हणतात. मी तिला दोनदा धडकलो आहे.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. तरी संथ पळणं हे मला सगळ्यात अवघड जातं. पाषाण रोडवर ६:१० ने चाललेलो असताना नवीन बूट घातलेला एखादा पोरगा बाजूने सुसाट निघून जातो, आणि आपल्या अंगातला इंजिनिअर जागा होतो. दिवसभर ऑफिसात आपण आकडे सुधारायचेच पैसे घेतो. पेज किती मिलिसेकंदात उघडतं, किती टिकेट बंद केली, किती दिवस उशीर झाला. मनगटावर घड्याळ असताना मुद्दाम वाईट आकडा काढायचा, आणि तो सगळ्यांना दिसेल असा अ‍ॅपवर टाकायचा, हे जमायला वेगळी शिस्त लागते.

ती शिस्त मला एकट्याला कधीच जमली नसती. माझ्याबरोबर जोडीदार होता.

त्याचं नाव मी लिहीत नाही. जोडीदारच म्हणतो, कारण क्लबमध्ये सगळे आम्हाला जोडीच म्हणायचे. तो सोलापूरचा, मी कराडचा. कॉलेज संपल्यावर एकाच कंपनीत एकाच दिवशी रुजू झालो आणि फिरत फिरत पुन्हा एकाच टीममध्ये आलो. पळायला मीच त्याला ओढून आणलं होतं. वर्षभरात तो माझ्या बरोबरीने पळायला लागला. सोपं पळताय की नाही हे ओळखायची एक जुनी चाचणी आहे: अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत. आम्ही ती चाचणी मन लावून द्यायचो. कॅनॉल रोडच्या मातीवर पहाटे पाच वाजता मॅनेजरच्या नकला, त्याच्या रावेतच्या नव्या फ्लॅटचा हप्ता, माझ्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली स्थळं, शेंगाचटणी कुणाकडची चांगली. माझा पेस सहाच्या आत गेला की तो फक्त म्हणायचा, "भावा, बस सुटतीये का?" की मी परत ६:१० वर.

सप्टेंबर, ऑक्टोबर चांगले गेले. ऑक्टोबरच्या उकाड्यात २४ किलोमीटर, मग २६. रात्री साडेदहापर्यंत अमेरिकेशी कॉल असायचे आणि पहाटे सव्वाचारचा गजर, त्यामुळे झोप तुटकी व्हायची. पण पाय हलके होते. टेम्पोला ४:४० चा पेस आता घशाशी येत नव्हता. सरांनी शीटमध्ये हिरवा रंग दिला, जो ते वर्षातून एखाद्याच वेळी देतात.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसातून आणखी एक शीट आली. मॅनेजर म्हणाला, बॅकअपचं नियोजन आहे, प्रत्येकाने भरा. आमच्या प्रॉडक्टची सगळी मॉड्यूल एकाखाली एक आणि समोर दोन रकाने. हे सध्या कोण बघतं. ती व्यक्ती नसेल तर कोण बघू शकेल, आणि तयार व्हायला किती दिवस लागतील. जोडीदाराच्या बिलिंग मॉड्यूलसमोर दुसऱ्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. दिवस: दहा. खरंच दहा दिवसांचं काम होतं. त्याचा निम्मा कोड मी रिव्ह्यू केला होता. खरं सांगायचं तर थोड्या ऐटीतच लिहिलं.

दिवाळी झाली. मी कराडहून चकल्यांचा डबा घेऊन आलो आणि त्यातल्या निम्म्या ट्रॅकवर संपल्या. पुढच्या मंगळवारी दुपारी पंधरा मिनिटांचा एक कॉल झाला. अकरा जणांच्या टीममधून चौघं गेले. जोडीदार त्यांच्यात होता. संध्याकाळी सहाला त्याचा लॅपटॉप बंद झाला. बुधवारी सकाळी बिलिंग मॉड्यूलची पहिली टिकेट माझ्या नावावर पडली.

त्या शीटमुळे त्याची नोकरी गेली का? मला माहीत नाही. कदाचित यादी आधीच तयार असेल. कदाचित पगारावरून ठरलं असेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण दहा हा आकडा मी माझ्या हाताने लिहिला होता.

त्याला मी हे सांगितलं नाही. मेसेज केला, 'काही लागलं तर सांग.' त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर मी काय केलं, तर पळालो. बुधवारचं सोपं दहा किलोमीटर ५:२० ने गेलं. शुक्रवारचं ५:१५ ने. शनिवारी सरांनी आठ सांगितले होते, मी चौदा केले. दमलो की डोकं बंद व्हायचं, एवढंच मला हवं होतं. ऑफिसात जे चाललं होतं त्याच्यावर माझा कसलाच ताबा नव्हता. इथे मात्र जोर लावला की आकडा लगेच सुधारत होता. जोडीदार दोन आठवडे आला नाही, त्यामुळे 'बस सुटतीये का' विचारायलाही कुणी नव्हतं.

आणि मी सरांच्या शीटमध्ये खोटं लिहायला लागलो. सोप्या दिवसासमोर ६:१०. चौदाच्या जागी आठ. अ‍ॅपवरचे रन मी फक्त मला दिसतील असे करून ठेवले. ऑफिसातली शीट मी इतकी प्रामाणिकपणे भरली आणि क्लबातली अशी, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात जोडीदार परत आला. बारीक झाला होता, पण शिस्तीत पळत होता. त्या रविवारी पाषाणहून खडकवासल्याच्या दिशेने ३० किलोमीटर होते. दिवसभर मुलाखती देतोय, म्हणाला. मी कामाबद्दल काही विचारलं नाही, त्यानेही काही काढलं नाही. चांदणी चौकाच्या पुढे मी हळूहळू सुटलो. त्याच्या पावलांचा आवाज मागे राहत गेला आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

शरीर मधल्या काळात सांगत होतंच. सकाळी उठल्यावरची नाडी माझी एरवी ४९ असते. ती ५३ झाली, मग ५७. झोप रात्री तीनला मोडायची. सणसच्या ट्रॅकवर शेवटचे दोन तुकडे ४:२५ ऐवजी ४:३८ ला यायला लागले. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला ठुसठुस सुरू झाली. सुरुवातीला पहिले दोन किलोमीटर दुखायचं आणि मग थांबायचं. मग थांबेनासं झालं. मग जिना उतरताना दुखायला लागलं.

अनुभवी धावपटूला इथे जास्त धोका असतो, असं माझं मत आहे. नवा माणूस दुखलं की घाबरतो, थांबतो. आम्हाला दुखण्याची सवय असते आणि त्याची नावंही माहीत असतात. मी स्वतःच ठरवून टाकलं, की हे शिन स्प्लिंट आहे. बर्फ लावला, पट्टी बांधली, नवीन बूट घेतले. शिन स्प्लिंटमध्ये नडगीची लांब कड दुखते आणि हाडाच्या दुखापतीत एका बोटाखाली मावेल असा एकच बिंदू दुखतो, हेही मला माहीत होतं. म्हणून मी त्या जागेवर बोट ठेवून बघायचंच टाळलं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी टेम्पो संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "डाव्या पायावर दहा उड्या मार."

मी तीन मारल्या. चौथीला पाय टेकवला नाही.

"किती दिवसांपासून?"

"सर, आठवडा झाला असेल."

"अरे, काल कॅनॉलवर मी तुझ्या मागेच होतो. तू हात करून वळलास पण नाहीस. शीटमध्ये ६:१० लिहिलंयस." एवढंच बोलून ते स्टॉपवॉच खिशात टाकून दुसऱ्या गटाकडे गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअ‍ॅक्शन निघाली. फ्रॅक्चरच्या अलीकडचा टप्पा. हाडाला चीर गेलेली नव्हती, पण ते आतून सुजलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून समजावलं ते मला इंजिनिअर म्हणून लगेच कळलं. हाड म्हणजे एकदा ओतून ठेवलेलं काँक्रीट नव्हे. ते सतत पाडून नव्याने बांधलं जात असतं. पळण्याने हाडात सूक्ष्म इजा होतात. काही पेशी तिथला जुना भाग खरवडून काढतात आणि दुसऱ्या पेशी मागून नवा भाग भरतात. गोम अशी, की खरवडायला काही आठवडे लागतात आणि भरायला काही महिने. त्यामुळे भार एकदम वाढवला, की मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं. विश्रांतीच्या दिवशी, सोप्या दिवशी, ही भरणी होत असते. मी ते तीन रकाने खाऊन टाकले होते.

"सहा आठवडे पळायचं नाही," डॉक्टर म्हणाले. मॅरेथॉनला साडेसहा आठवडे होते.

मग त्यांनी विचारलं, कामाचं काही टेन्शन आहे का? मला तो प्रश्न औपचारिक वाटला. नंतर घरी बसून वाचलं तेव्हा त्याचा अर्थ कळला. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मांडलं होतं, की थंडी, जखम, अतिश्रम अशा अगदी वेगवेगळ्या ताणांना शरीर बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने तोंड देतं. आपण मात्र मनात वेगवेगळी खाती उघडून ठेवतो. ऑफिस इकडे, पळणं तिकडे, झोप आणखी कुठेतरी. रात्री साडेदहाचा कॉल, मोडलेली झोप, दहा हा आकडा आणि ५:१५ चा सोपा रन, हे सगळं एकाच खात्यातून वजा होत होतं. पळून मोकळं वाटतं, हे खरं आहे. पण तेव्हा मी मोकळं व्हायला पळत नव्हतो. मी स्वतःला शिक्षा देत होतो आणि तिला ट्रेनिंग म्हणत होतो.

पहिला आठवडा मी क्लबला तोंड दाखवलं नाही. मग जोडीदाराचा मेसेज आला. 'रविवारी बत्तीस आहेत. सायकल चालते का तुला? पाणी घेऊन ये.' डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतर दुखत नसेल तर सायकलला परवानगी दिली होती. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, हात गारठवणाऱ्या पुण्याच्या थंडीत, हँडलला पाण्याच्या चार बाटल्या आणि खिशात त्याची जेल घेऊन मी त्याच्या बाजूने सायकल हाणत होतो.

सायकलवरून माणसाचं पळणं नीट दिसतं. इतकी वर्षं मी त्याच्या खांद्याला खांदा लावून पळलो होतो, पण त्याचा उजवा हात थोडा जास्त बाहेर जातो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. अठराव्या किलोमीटरला मी त्याला पाणी दिलं आणि सांगून टाकलं. शीटबद्दल, दुसऱ्या रकान्याबद्दल, दहा दिवसांबद्दल.

तो पळत राहिला. घड्याळ एकदा वाजलं, मग आणखी एकदा. दोन किलोमीटर आम्ही दोघं काही बोललो नाही.

मग तो म्हणाला, "दहाच दिवस लागले असते ना?"

"हो."

"मग काय, खोटं लिहायचं होतं का?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तेव्हा सांगायला पाहिजे होतंस. मी दोन महिने विचार करत होतो, की मी कामात कुठे कमी पडलो. आणि तू माझ्याशी बोलायचाच बंद झालास. मला वाटलं, माझ्याबरोबर दिसायला नको असेल आता तुला."

हे मला सुचलंच नव्हतं. मी माझ्या अपराधात इतका गुंतलो होतो, की समोरच्याला ते कसं दिसत असेल याचा विचारच केला नव्हता. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "जेल दे." पंचविसाव्या किलोमीटरला त्याने मुलाखतीत विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला विचारलं, आणि आम्ही उरलेले सात किलोमीटर डेटाबेसच्या लॉकिंगवर भांडलो. तो ते ५:३० ने पळत होता आणि अख्खी वाक्यं बोलत होता.

माझा बिब वाया गेला. तो दुसऱ्याला देता येत नाही. जानेवारीतल्या त्या रविवारी मी पहाटे पेडर रोडला जाऊन उभा राहिलो. मुंबईचा मार्ग माहीत असलेल्यांना पेडर रोडचं महत्त्व सांगायला नको. जाताना तो चढ अंधारात, गर्दीत, उत्साहात निघून जातो. परत येताना तोच चढ छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भेटतो. साखर संपलेली असते, सूर्य वर आलेला असतो, आणि डिसेंबरभर पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्या आमच्यासारख्यांच्या अंगावर मुंबईची दमट हवा ओल्या चादरीसारखी बसते. त्या रस्त्यावरची माणसं मात्र फार चांगली. इमारतींमधून आजी-आजोबा खुर्च्या घेऊन खाली येतात. कुणी संत्र्याच्या फोडी वाटतं, कुणी बिस्किटं, कुणी नुसतं थाळी वाजवतं. माझ्या डब्यात मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते.

धावपटू म्हणून मी तो रस्ता चारदा पार केला होता. बाजूला उभं राहून पहिल्यांदाच बघत होतो. साडेतीन तासांच्या आसपासचे लोक चढावर येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. खांदे वर चढलेले, नजर पुढच्या दहा पावलांवर. कुणी पोटरी धरून कठड्याला टेकलेलं. पन्नाशीच्या एक बाई एका लयीत, कुणाकडेही न बघता वर गेल्या, आणि त्यांच्या मागे नवीन बूट घातलेला एक पोरगा चालत होता. मला पाषाण रोड आठवला.

३:३० साठी जोडीदाराने ३६ किलोमीटर तीन तासांच्या आत गाठायला हवे होते. तो ३ तास २ मिनिटांनी दिसला. उजवा हात नेहमीपेक्षाही बाहेर. मी ओरडलो तेव्हा त्याने एक सेकंद बघितलं, बटाटा घेतला आणि तोंड भरलेलं असताना म्हणाला, "बस सुटतीये." मग चढावर दिसेनासा झाला. मला त्याच्याबरोबर चार पावलं पळावंसं वाटलं. पायाने परवानगी दिली असती. मी दिली नाही.

तो ३:३४ मध्ये आला. त्याचा आधीचा वेळ ३:४१ होता. फेब्रुवारीत त्याला नोकरी लागली, आधीपेक्षा थोड्या कमी पगाराची. त्याच महिन्यात मी पळायला सुरुवात केली. एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. सणसच्या ट्रॅकवर काकांनी मला दोनदा मागे टाकलं. त्या आठवड्यात मी अ‍ॅपवरचे सगळे रन पुन्हा सगळ्यांना दिसतील असे केले, नोव्हेंबरमधले सुद्धा. सरांना शीटमध्ये खरे आकडे भरून पाठवले. उत्तर आलं नाही. पण पुढच्या ब्लॉकला नवीन शीट उघडली, तेव्हा सगळ्यांच्या पट्टीत एक जास्तीचा रकाना होता: 'बाकी काय चाललंय.' काका त्यात रोज 'मजेत' लिहितात. मी कधी 'रिलीज आहे' लिहितो, कधी 'चार तास झोप', आणि मग सर त्या दिवसाचा टेम्पो काही न बोलता खोडतात.

यंदा पुन्हा सोळा आठवडे चालू आहेत. ३:३० होईल की नाही, सांगता येत नाही. जोडीदाराचं ऑफिस आता हिंजवडीत आहे, पण बुधवारी तो कॅनॉलवर येतो. काल सोपे दहा किलोमीटर होते. ६:१४ ने झाले. नवव्या किलोमीटरला एक पोरगा सुसाट पुढे गेला, आणि आम्ही दोघांनी एकदमच घड्याळाकडे बघितलं.

हा लेख पाठवण्याआधी मी जोडीदाराला वाचायला दिला. नाव नको, एवढीच त्याची अट होती. रात्री मेसेज आला, 'ठीक आहे. एक चूक आहे. माझा आधीचा वेळ ३:४१ नाही, ३:४०:५२ आहे.'